मराठी ल सेटिंगमध्ये कशाला लपवायचा?

परवा मावशीचा फोन आला. मावशी निवृत्त शिक्षिका, पण स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. सोसायटीतल्या पाच-सहा पोरांना जमवून मराठी लिहायला शिकवते. त्यांच्यासाठी गिरवायचे कागद मीच एका छानशा फुकट फॉन्टमध्ये करून दिले होते.

"अरे, तुझ्या कागदावरचा ल वेगळा आणि मी फळ्यावर काढते तो वेगळा. श चंही तेच. पोरं विचारतात, खरा कुठला? काय सांगू त्यांना?"

झाली पंचाईत!

ज्यांना हा घोळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या दोन अक्षरांची दोन रूपं आहेत. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, हिंदीत दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयात मराठीसाठी पाकळी आणि देठवाली रूपंच प्रमाण मानली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही रूपांना एकच क्रमांक: ल चा ०९३२, श चा ०९३६. ते बरोबरच आहे, नाहीतर शोधताना रोज बोंब झाली असती. रूप दाखवणं हे फॉन्टचं काम. म्हणूनच वरच्या शीर्षकातला ल तुम्हाला कुठला दिसतोय हे मी इथे बसून सांगू शकत नाही.

फॉन्ट उघडून बघितला, तर मराठी रूपं आत होती की! तीही दोन वाटांनी. एक, मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरने कळवलं तर फॉन्ट आपोआप ती रूपं देणार. दुसरी, स्टायलिस्टिक सेट. ओपनटाइपमध्ये असे २० सेट ठेवता येतात, त्यातल्या तिसऱ्यात हे ल आणि श बसवलेले. पण मावशी फोनवरच्या ज्या ॲपमध्ये कागद दुरुस्त करते, ते ना भाषा कळवतं, ना सेटचा मेनू दाखवतं. म्हणजे अक्षर घरात आहे, पण कुलूपबंद!

मग शनिवारी बसलो. फॉन्ट बनवायच्या 'ग्लिफ्स'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टच्या वेळी दोन ग्लिफांच्या नावांची अदलाबदल करता येते. मूळ फाइल तशीच राहते, फक्त बाहेर पडणाऱ्या फॉन्टमध्ये सेटमधला ल मुख्य जागेवर येतो आणि मुख्य ल सेटमध्ये जातो. पाच मिनिटांचं काम. ॲपमध्ये बघितलं, झकास. ब्राउझरमध्ये भाषा मराठी लावलेलं पान उघडलं, आणि तिथे नेमका हिंदी ल!

डोकं खाजवल्यावर उजेड पडला. नावं बदलली, नियम जुनाच. 'मराठी असेल तर पहिल्याच्या जागी दुसरा घे' हा नियम इमानदारीत चालला, पण आता दुसरा म्हणजे हिंदी. जिथे भाषा नीट कळवली जाते, नेमकं तिथेच चुकीचं अक्षर. तिसरा सेटही तसाच उलटा झालेला, आणि त्यावर लेबल मात्र 'मराठी ल, श'. म्हणून मराठीचा नियम काढला, हिंदीसाठी उलटा नियम लिहिला आणि सेटचं नाव बदलून 'हिंदी ल, श' केलं. सेटला असं माणसांना कळणारं नाव देता येतं, ते फॉन्टच्या नेम टेबलमध्ये बसतं. ते दिलं नाही तर वापरणाऱ्याला नुसताच एक आकडा दिसतो, आणि त्यात काय आहे हे देव जाणे.

तर माझं मत असं. फॉन्ट मराठी माणसासाठी एक्स्पोर्ट करताय ना? मग मराठी अक्षर मुख्य जागेवर ठेवा. आपली रोजची अक्षरं 'पर्यायी' कशी काय?

काही मित्र म्हणतील, ही मागे जाणारी वाट आहे. 'लोहित'चे हिंदी, मराठी, नेपाळी असे वेगवेगळे फॉन्ट होते, ते पुढे एका 'लोहित देवनागरी'त आले आणि भाषेचा फरक नियमांवर सोपवला. इंजिनियर म्हणून मलाही तेच आवडतं. पण ती रचना सॉफ्टवेअरने भाषा कळवण्यावर उभी आहे, आणि सगळी सॉफ्टवेअर ते करत नाहीत. त्याची किंमत मावशीच्या पोरांनी का मोजायची? मूळ फाइल एकच ठेवा, एक्स्पोर्ट दोन करा.

मात्र गुपचूप नको. अक्षरं बदललेला फॉन्ट जुन्याच नावाने वाटलात तर एकाच कागदावर दोन मशीनवर दोन ल दिसतील आणि कारण कुणालाच सापडणार नाही. शिवाय ओपन फॉन्ट लायसन्सखालच्या फॉन्टचं नाव राखीव ठेवलेलं असेल, तर बदललेल्या आवृत्तीला वेगळं नाव देणं बंधनकारकच आहे. मी नावापुढे 'मराठी' जोडून मोकळा होणार होतो, पण राखीव नाव त्यातही राहतंच. मग पूर्ण नवं नाव दिलं.

नवे कागद मावशीला पाठवले. तासाभरात फोन.

"ल, श छान झाले. पण 'निश्चल' मधला श्च अजून जुनाच आहे बघ."

बरोबर होतं तिचं. जोडाक्षरं हे वेगळे ग्लिफ, त्यांच्या नावांची अदलाबदल मी केलीच नव्हती. तेव्हा तुम्ही हा उद्योग करणार असाल तर तपासायला हे शब्द घ्या: शिल्लक, कौशल्य, श्लोक, निश्चल.

माझा रविवार त्यातच गेला. असो.