खानदेशात फुफ्फुसाच्या कर्करोगाने कुणी मरतच नाही?

माझे थोरले मामू धुळ्यात पॉवरलूमवर तीस-बत्तीस वर्षे होते. पहिल्यांदा खोकला धरला तेव्हा मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी बाटली दिली. दुसऱ्यांदा एक्स-रे काढला, डाग दिसला आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण डाग होता ना. सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्या, डाग मात्र वाढला. मग कुणी सीटी स्कॅन सांगितला, मग सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि उत्तर आले तोवर गाठ यकृतापर्यंत पोचली होती. घरात दोघांनाच खरे सांगितले. मामी आजही "टीबी उलटला" म्हणतात. मय्यत घरीच झाली, फजरच्या आधी. दाखल्यासाठी डॉक्टरांनी कागद दिला, त्यावर कारण लिहिले होते: हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे.

मरताना हृदय आणि श्वास कुणाचे बंद पडत नाहीत?

हे आता आठवायचे कारण असे की, मध्यंतरी जळगावच्या एका कार्यक्रमात एक शिकलेसवरलेले डॉक्टर ठामपणे म्हणाले, "आपल्याकडे तोंडाचा कर्करोग आहे. फुफ्फुसाचा फारसा नाही. तो मुंबई-दिल्लीचा आजार." लोकांनी माना हलवल्या, मीही त्या वेळी गप्प बसलो. घरी येताना मामूंचा कागद आठवला. डॉक्टरांचे वाक्य अशाच कागदांवर उभे आहे.

देशात २०१२ ते २०१६ या वर्षांतल्या कर्करोगाचा अहवाल राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२० साली काढला. त्यात ठरावीक भागातल्या रहिवाशांपैकी किती जणांना कोणता कर्करोग झाला हे मोजणारी २८ केंद्रे होती. महाराष्ट्रातली म्हणाल तर मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शीचा ग्रामीण भाग आणि उस्मानाबाद-बीड. खानदेशातले एकही नाही. म्हणजे जळगाव-धुळ्याचा दर कमी भरला असे कुणीही मोजून सांगितलेले नाही. न मोजलेल्याला 'कमी' म्हणायची सवय तेवढी आपल्याला लागली आहे.

यात आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही पण म्हणतो. यावलचा किंवा साक्रीचा माणूस इलाजासाठी मुंबईला टाटाला जातो. तिथल्या रुग्णालयाच्या यादीत त्याचे नाव चढते. पण मुंबई शहराचा दर काढताना तो मुंबईचा रहिवासी नाही म्हणून वगळला जातो, आणि ते बरोबरच आहे. मग तो जिथला आहे तिथल्या हिशेबात तरी यायला हवा. तिथे हिशेबाची वहीच नाही. तो दोन्हीकडून गळतो.

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे ७५ हजार माणसे फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती, धुळ्याची साडेवीस लाख. देशाची सरासरी जशीच्या तशी लावली तरी या दोन जिल्ह्यांत वर्षाला तीनशेच्या वर मृत्यू निघतात, जवळजवळ रोज एक. खरा आकडा याहून जास्त असेल किंवा कमीही असेल. पण आपल्याच जिल्ह्याचा आकडा दुसऱ्यांच्या सरासरीवरून काढावा लागतो, यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. डेन्मार्क या देशाची लोकसंख्या आपल्या या दोन जिल्ह्यांपेक्षा कमी आहे. तिथे कर्करोगाची नोंदवही १९४० च्या दशकात सुरू झाली.

"ते श्रीमंत देश," असे कुणी म्हणेल. मग बार्शी घ्या. १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत कर्करोगाची नोंद होते आहे. दवाखान्याचे कागद खेड्यात पुरे पडत नाहीत हे तिथल्या लोकांनी आधीच ओळखले, म्हणून माणसे गावोगाव जाऊन विचारतात: कुणाला गाठ आहे का, कुणाचे रक्त जाते का, कोण वारले, कशाने वारले. भूम-परांडा काही युरोपात नाहीत. दुष्काळी मुलूख आहे तो. तिथे जमले ते जळगाव आणि धुळे या दोन ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये असताना आपल्याला जमू नये?

'शहराचा आजार' हे तर २०१२ सालीच खोटे ठरले आहे. देशभरातल्या नमुना घरांत जाऊन, मेलेल्याच्या नातेवाइकांना लक्षणे विचारून मृत्यूचे कारण ठरवण्याचा मोठा अभ्यास त्या वर्षी लॅन्सेटमध्ये छापून आला. सर्व प्रकारचे कर्करोग धरून, वयाचा फरक काढून टाकल्यावर पुरुषांचा मृत्युदर खेड्यात लाखाला ९५.६ आणि शहरात १०२.४ निघाला. फरक आहे, पण किरकोळ. शहरात जास्त असते ते निदान. खेड्यात माणूस दम्याने जातो, टीबीने जातो, 'म्हातारपणाने' जातो. पंचावन्नाव्या वर्षी कसले म्हातारपण?

दुसरा युक्तिवाद जरा हुशारीचा आहे. महाराष्ट्रात ओढणारे कमी, चघळणारे जास्त, म्हणून आपल्याकडे फुफ्फुसाचा कर्करोग कमी. आकडे त्यांच्या बाजूचे दिसतात खरे. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत राज्यात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. पण आज मरणाऱ्या माणसाने बिडी आज पेटवलेली नाही. ती त्याने तीस वर्षांपूर्वी पेटवली होती. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेटचा संबंध १९५० साली दाखवला, तरी तिथल्या पुरुषांचा मृत्युदर १९७० च्या दशकापर्यंत चढतच होता. मगच तो उतरू लागला. आपल्या लूमवर, मालधक्क्यावर, डाळ मिलमध्ये १९९० साली जी माणसे दिवसाला एक कट्टा संपवत होती, ती आत्ता साठीत आहेत. आत्ताच मोजायला हवे, आणि आत्ताच आपण म्हणतो की हा आजार आपला नाही.

बिडी हलकी, पानाची, सिगारेटपेक्षा बरी, हा समज तर माझ्याच घरात होता. मुंबईत डॉ. जस्सावाला आणि जैन यांनी रुग्णांवर केलेला अभ्यास १९७९ साली छापून आला. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही, हे त्यातच दिसले होते. या गोष्टीला आता पंचेचाळीस वर्षे उलटली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने काय ठरवले? बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर, तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५ वर. सिगारेटवर ४०. मजुरांच्या रोजीचे कारण सांगितले गेले. वळणाऱ्या बायकांची मजुरी वाढवून रोजी राखता आली असती. बिडी ओढणाऱ्याला स्वस्त करून दिली.

पण सगळे खापर बिडीवर फोडणारेही मला पटत नाहीत. आमच्या खालांनी आयुष्यात बिडी हातात धरली नाही. भुसावळात लहानपणी कोळशाच्या शेगडीपुढे आणि लग्नानंतर रावेर तालुक्यात पऱ्हाटीच्या चुलीपुढे त्यांची चाळीस वर्षे गेली. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. १९७० च्या दशकात चीनने देशभर मृत्यूंची कारणे जिल्हावार गोळा केली, तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण तिथे देशात सर्वांत वरच्या रांगेत निघाले. त्या बायका जवळजवळ तंबाखू ओढतच नव्हत्या. शोध घेतला तेव्हा कळले की घरात धुराडे नसलेल्या खड्ड्यात धूर ओकणारा कोळसा जळतो. धुराडी बसवली, आणि पुढे २००२ सालच्या अभ्यासात दिसले की धोका चाळीस टक्क्यांहून जास्त उतरला. औषध नाही, यंत्र नाही, नुसते धुराडे. पण त्याआधी तो एक जिल्हा नकाशावर वेगळा दिसावा लागला. साऱ्या चीनच्या सरासरीत तो कधीच दिसला नसता.

अमेरिकेतही हेच झाले. १९७५ साली तिथे काउंटीवार कर्करोग-मृत्यूंचा नकाशा निघाला. आग्नेय किनाऱ्याची पट्टी गडद दिसली. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर चौकशी केली तर धागा दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणीच्या कारखान्यांपर्यंत गेला, जिथे कामगार ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राबले होते.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहा. भुसावळात वाफेच्या इंजिनांचा काळ आणि शेजारी दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र. धुळ्यात लूम, आणि शहराला खेटून मुंबई-आग्रा महामार्गाचे डिझेल. यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुडा पायथ्याला तडवी आणि पावरा वस्त्यांतल्या चुली. जागतिक संस्थेने डिझेलचा धूर २०१२ साली आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ साली कर्करोगाचे नक्की कारण ठरवले आहे. लाकूडफाट्याच्या चुलीला तिने २००६ साली 'संभाव्य' म्हटले, घरातल्या कोळशाला नक्की. यांतले काय कुठे किती मारते हे तालुकावार आकड्यांशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. ज्यांना वीज केंद्रावर सगळे ढकलायचे आहे तेही नाही, आणि ज्यांना त्याला निर्दोष ठरवायचे आहे तेही नाही.

सरकारवर बोलून झाले. आता आपल्यावर.

आपण नाव लपवतो. "मोठा आजार", "ती बीमारी", "खराब गाठ". मुलीचे स्थळ मोडेल, लोक संसर्ग समजतील, अशी भीती असते. नोंदणीच्या वेळी कर्करोग सांगितला तर दाखल्यावर येईल असेही वाटते. येत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे कलम १७ स्पष्ट आहे: कुणालाही दिलेल्या मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायचे नाही. कारण फक्त निबंधकाच्या दप्तरात जाते. मृत्यूची खबर देण्याचा नमुना २ कधी नीट वाचला आहे का? त्यात आजाराचे नाव विचारतात, आणि मयत व्यक्ती बिडी-सिगारेट ओढत असेल तर किती वर्षे, तंबाखू खात असेल तर किती वर्षे, हेही विचारतात. हे रकाने वर्षानुवर्षे कोरे जातात. ग्रामसेवक विचारत नाही, आपण सांगत नाही.

त्या नमुन्यात धर्माचाही रकाना आहे, आणि २०१९-२० पासून कागद म्हटले की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, हे मला माहीत आहे. ती भीती खोटी नाही. पण पारशी समाजाचे पाहा. मुंबईच्या नोंदवहीत धर्म लिहिलेला होता म्हणूनच कळले की धूम्रपान वर्ज्य मानणाऱ्या पारशांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी आहे आणि स्तनाचा जास्त. त्याचा फायदा त्यांनाच झाला. आपल्या वस्तीत काय जास्त आहे हे आपल्याला नको का कळायला?

डॉक्टर मंडळींनाही एक सांगायचे आहे. नमुना ४ आणि ४-अ वर छापलेलेच असते की मृत्यू कसा झाला ते नको, कोणत्या आजाराने झाला ते लिहा, 'हृदय बंद पडले' असे लिहू नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून, रुग्णालयाने कारणाचे प्रमाणपत्र फुकट द्यायचे आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची, असा कायदाच आहे. प्रत मागा. वाचा. चूक असेल तर तिथेच म्हणा. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम बावीस-तेवीस मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते, आणि त्यांतही मामूंसारखे कागद किती असतील!

मोजले की काय होते ते जळगावने पाहिले आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये जिल्ह्याचा कोरोना मृत्युदर रोज छापून येऊ लागला, राज्यभर बोभाटा झाला, तेव्हा अधिकारी बदलले, खाटा वाढल्या. खोकत मरणारी माणसे त्याआधीही होती, पण त्यांचा रोजचा आकडा कुणी छापत नव्हते.

"मौत का वक्त मुकर्रर है," असे मला मामूंच्या जियारतीला एकाने सुनावले. वक्त मुकर्रर असेल, पण सहा महिने चुकीच्या गोळ्या खायला घालाव्यात असे कुठे लिहिले आहे? ते मला दाखवा, मग गप्प बसतो.

आमच्या कब्रस्तानच्या रजिस्टरमध्ये नाव, वालिदचे नाव, वय आणि दफनाची तारीख लिहितात. गेल्या जुम्म्यानंतर मी कमिटीकडे एक रकाना जास्त मागितला: आजार, आणि किती वर्षे बिडी. दोघे हसले, एकाने विचारले की पानावर जागा कुठे आहे. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना आहे, आजवर कुणी भरलेला नाही. पहिली ओळ मी मामूंचीच भरून आलो, जुने पान काढून. फुफ्फुसाचा कर्करोग. बिडी, अडतीस वर्षे.