नदीत उतरण्याआधी नदी वाचा



पावसाळा लागला की फोनवर धबधब्यांचे फोटो यायला लागतात आणि घराघरांत एकच प्रश्न असतो, या रविवारी कुठे जायचं? तुम्ही पुण्यात असा, इंदूरला, बेंगळुरूला किंवा बडोद्याला, जवळपास एखादी नदी किंवा बंधारा असतोच. म्हणून या वेळी आपण केरळमधल्या एका गावाला जाऊ या. तिथे दर पावसाळ्यात जगभरातून माणसं येतात आणि आपण ज्या पाण्याकडे बघून मागे सरकू, त्याच पाण्यात उतरतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं काठावर उभं राहूनच वापरता येतं.

कोडंचेरीचा पावसाळा

कोळिकोड शहराच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी कोडंचेरी नावाचं गाव आहे. डोंगरातून उतरणाऱ्या चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या दोन नद्या इथून वाहतात. मल्याळममध्ये ‘पुळा’ म्हणजे नदी. पुढे त्यांचं पाणी चालियार नदीतून बेपूरजवळ अरबी समुद्राला मिळतं. उन्हाळ्यात या नद्यांत दगडच जास्त दिसतात. जून-जुलैत मात्र दगडांवरून फेसाळणारं पाणी धावतं.

२०१३ साली इथे ‘मलबार रिव्हर फेस्टिव्हल’ सुरू झाला. कयाकिंगची ही स्पर्धा भर पावसाळ्यात होते. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती, बंद होडी. माणूस तिच्यात पाय लांब करून बसतो, कमरेभोवती रबरी कापडाचं झाकण घट्ट बसवतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं चालवतो. होडी उलटली तर कंबर आणि वल्ह्याच्या एका झटक्यात तो परत सरळ होतो. याला ‘रोल’ म्हणतात. हा रोल संथ पाण्यात शेकडो वेळा घोटून झाल्यावरच माणूस वाहत्या पाण्यात उतरतो. स्पर्धेत सर्वांत वेगवान ठरणाऱ्यांना ‘रॅपिड राजा’ आणि ‘रॅपिड राणी’ म्हणतात.

शर्यतींचे प्रकार वेगवेगळे आहेत. स्लॅलममध्ये पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून होडी न्यायची असते. हिरव्या-पांढऱ्या जोडीतून प्रवाहाबरोबर जायचं आणि लाल-पांढऱ्या जोडीतून प्रवाहाच्या उलट वर यायचं. खांबाला नुसता स्पर्श झाला तरी २ सेकंदांचा दंड आणि एखादी जोडी चुकली तर तब्बल ५० सेकंदांचा. हा खेळ १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यात कयाक क्रॉसची भर पडली. त्यात चार जण उंच फळीवरून एकदम पाण्यात झेपावतात आणि वाटेत प्रत्येकाला एक रोल घ्यावाच लागतो.

आधी काठावरून चाला

हे खेळाडू पाण्यात जेवढा वेळ असतात, त्याहून जास्त वेळ कधी कधी काठावर घालवतात. अवघड टप्पा आला की होडी बाजूला लावायची, खाली उतरायचं आणि काठाकाठाने चालत पुढचं पाणी बघायचं. पाणी कुठे जातंय, कुठे अडतंय, उलटलो तर कुठे जाऊन पडू, तिथे मदतीला कोण उभं आहे, हे सगळं ठरल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

बघून झाल्यावर एखाद्याला वाटलं की आज हे पाणी आपलं नाही, तर तो होडी खांद्यावर घेतो आणि तो टप्पा चालत पार करतो. त्याला कुणी हसत नाही. कालपर्यंत सोपा असलेला टप्पा रात्रीच्या पावसानंतर आज अवघड झालेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे ‘पोहणाराच बुडतो’ असं म्हणतात, ते यासाठीच. पोहता येत असलं की हे बघायचं राहून जातं.

ते नदीत काय बघतात?

पहिली गोष्ट म्हणजे खडकामागचं पाणी. प्रवाह खडकाला वळसा घालतो तेव्हा खडकाच्या खालच्या बाजूला पाणी उलटं, म्हणजे वरच्या दिशेला फिरतं. कयाकर तिथे शिरून दम खातात. वाहत जाणाऱ्या माणसाला हीच विसाव्याची जागा असते. म्हणून प्रवाहाशी समोरासमोर झुंजायचं नसतं. तिरकं पोहत अशा जागेकडे किंवा काठाकडे सरकायचं असतं.

दुसरी गोष्ट बंधारा. आपल्या गावोगावी असलेला, चार-पाच फूट उंचीचा, वरून एकसारखं पाणी सांडणारा साधा बंधारा. दिसायला इतका सुरेख की मुलं त्याच्या पायथ्याशीच खेळायला जातात. पण खाली पडलेलं पाणी तळाला जाऊन पुन्हा भिंतीकडे वळतं आणि तिथे सापडलेल्या माणसाला आत ओढून गोल फिरवत राहतं. त्या पाण्यात हवेचे बुडबुडे भरलेले असल्याने शरीर नीट तरंगतही नाही. मोठे लाटांचे टप्पे हसत पार करणारे कयाकर असा बंधारा दिसला की होडी उचलून चालू लागतात.

तिसरी गोष्ट पाण्यात पडलेलं झाड. फांद्यांमधून पाणी आरपार जातं, माणूस मात्र चाळणीत अडकल्यासारखा अडकतो आणि मागचं पाणी त्याला दाबत राहतं. काठावरचं वाकलेलं झाड धरायला सोपं वाटतं, पण त्याच्या पाण्यात बुडालेल्या फांद्यांपासून लांबच राहायचं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती आपल्या मनाविरुद्ध जाते. वाहत्या पाण्यात पडल्यावर पहिली इच्छा होते ती उभं राहण्याची. तेच करायचं नाही. पाऊल दगडांच्या फटीत किंवा रांजणखळग्यात अडकलं तर प्रवाह शरीराला पुढे ढकलतो आणि माणूस कमरेएवढ्या पाण्यातही बुडू शकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून उताणं व्हायचं, पाय पुढे आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवायचे, हातांनी काठाकडे सरकायचं. पाणी संथ आणि गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहायचं नाही.

कोडंचेरीच्या परिसरात पुलिक्कयम, पतंगकयम अशी ठिकाणांची नावं आहेत. ‘कयम’ म्हणजे आपला डोह. जुन्या लोकांनी नावातच इशारा ठेवला आहे. आपल्याकडेही डोहांच्या किती गोष्टी सांगितल्या जातात. मुलांना त्या सांगताना भुताबरोबर पाण्याचं हे गणितही सांगायला हवं.

पाणी वरून येतं

मल्याळममध्ये ‘मल’ म्हणजे डोंगर आणि ‘वेळ्ळम’ म्हणजे पाणी. डोंगरात पाऊस पडून अचानक जो लोंढा येतो, त्याला तिथले लोक ‘मलवेळ्ळम’ म्हणतात. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असू शकतं. पाऊस वर, दिसत नाही अशा ठिकाणी पडून गेलेला असतो.

३० जून २०२४ चा रविवार तुम्हाला आठवत असेल. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी फोनवर पाहिलं. त्या घरातली पाच माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. काही वेळापूर्वी तेच पाणी खेळण्याजोगं होतं.

धरणाच्या खाली तर पावसाचीही गरज नसते. ८ जून २०१४ रोजी हिमाचलमध्ये मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात हैदराबादहून सहलीला आलेले विद्यार्थी फोटो काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी व त्यांच्याबरोबरचा एक जण वाहून गेला. आपल्या कोलाडजवळची कुंडलिका तर भिरा वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावरच वाहते. म्हणून तिथले राफ्टिंगवाले पाणी कधी सुटणार हे बघूनच दिवस ठरवतात.

कयाकरांच्या डोळ्यांना वाढणाऱ्या पाण्याच्या खुणा लगेच दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागतं. काटक्या, पाला, फेस वाहून यायला लागतो. आवाज बदलतो. काठावरचा मघाशी कोरडा असलेला दगड ओला होतो. यांतली एक जरी खूण दिसली तरी पिशव्या, चपला, डबे गोळा करत बसायचं नाही. मुलांना उचलायचं आणि वर चढायचं. पात्राच्या मधल्या खडकावर नाही, काठावर.

दोरी आधी, माणूस नंतर

याच इरुवंजिपुळाच्या काठी, थोडं खाली, मुक्कम नावाचं गाव आहे. १५ जुलै १९८२ रोजी पूर आलेल्या नदीत प्रवाशांची होडी उलटली. त्या होडीत बी. पी. मोइदीन होते. त्यांनी बुडणाऱ्यांना वाचवलं आणि स्वतः मात्र त्या पाण्यातून परत आले नाहीत. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या कांचनमाला यांनी पुढचं आयुष्य त्यांच्या नावाने चालणाऱ्या सेवाकार्याला दिलं. २०१५ मध्ये त्यांच्या कथेवर मल्याळम चित्रपटही आला.

मोइदीन यांच्या धैर्यापुढे आपण नुसता नमस्कारच करू शकतो. पण पट्टीच्या पोहणाऱ्यालाही अशी नदी परत देत नाही, हेही त्यातून समजून घ्यायचं. आपल्याकडच्या बातम्या बघा. एक मुलगा बुडतो, त्याला वाचवायला भाऊ उडी घेतो, मग वडील. एका घरातले तिघे जातात.

म्हणून कयाकरांचा क्रम ठरलेला असतो. आधी हात किंवा वल्हं पुढे करा. पोहोचत नसेल तर दोरी फेका. तेही जमत नसेल तर होडी न्या. स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी आणि तेही शिकलेल्या माणसानेच. स्पर्धेत प्रत्येक अवघड टप्प्याखाली काठावर दोरीवाले उभे असतात आणि पाण्यात मदतीच्या होड्या थांबलेल्या असतात. त्यांच्याकडची ‘थ्रो बॅग’ म्हणजे तरंगणारी १५-२० मीटर दोरी भरलेली छोटी पिशवी.

तिची पद्धत घरातल्या सगळ्यांनी शिकून ठेवावी अशी आहे. आधी जोरात हाक मारा, म्हणजे तो तुमच्याकडे बघेल. मग दोरी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेका, म्हणजे ती त्याच्या अंगावर पडेल. दोरी स्वतःच्या हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नका. खाली बसा आणि पाय रोवा. त्याने दोरी खांद्यावरून घेऊन उताणं राहायचं. प्रवाहच त्याला वळवून काठाशी आणतो.

थ्रो बॅग नसली तरी काहीतरी असतंच. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणात चार तरुण बुडत होते. काठावरच्या तीन स्त्रियांनी आपल्या साड्या सोडून गाठी मारल्या आणि त्या पाण्यात फेकल्या. दोघे वाचले, दोघांपर्यंत त्या पोहोचू शकल्या नाहीत. राज्य सरकारने त्यांना कल्पना चावला पुरस्कार दिला. साडी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, लांब काठी, यांतलं काहीही दोरीचं काम करतं.

बोट कुठे दाखवायचं?

पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून कयाकर खुणांनी बोलतात. वल्हं उभं धरलं तर ‘या’, आडवं धरलं तर ‘थांबा’, शिट्टी तीनदा वाजली तर ‘संकट’. त्यांचा आणखी एक नियम आहे. धोक्याकडे कधीच बोट दाखवायचं नाही. ज्या बाजूने जायचं, त्याच बाजूला हात करायचा. कारण घाबरलेला माणूस बोट जिकडे दिसेल तिकडेच जातो.

मुलांना सांगतानाही असंच सांगून बघा. ‘तिकडे जाऊ नकोस’ याऐवजी ‘या दगडाच्या अलीकडे खेळ’ असं म्हणा. जागा दाखवून दिली की मुलं ऐकतात.

या रविवारी एवढं करा

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं कुणीही पाण्यात उतरू नका. काठाने थोडं खाली चालत जा आणि बघा, इथून वाहून गेलो तर पुढे काय आहे. जवळच्या गावकऱ्याला, गुराख्याला किंवा चहाच्या टपरीवाल्याला विचारा, ‘इथे पाण्याला ओढ कुठे आहे?’ तो जे सांगेल ते ऐका. वर धरण आहे का, तेही विचारून घ्या. गाडीत एक लांब दोरी ठेवा. होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट घालून खांद्याजवळ वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे, पट्टे आवळा. एका मोठ्या माणसाने फोन खिशात ठेवून फक्त मुलांकडे बघायचं, वाटल्यास पाळी लावा. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्याजवळ जाऊ देऊ नका, मग तो घरचा वडीलधारा असला तरी.

आणि आज पाणी ठीक नाही असं घरातल्या कुणा एकालाही वाटलं, अगदी आजीला किंवा आठ वर्षांच्या मुलीला, तर काठावरच डबे उघडा. गरम भजी आणि समोर धावणारी नदी, एवढ्यानेही रविवार छान जातो.

तुमच्या गावच्या नदीवर ओढीची, डोहाची जागा कोणती आणि तिला काय म्हणतात, हे आम्हाला जरूर कळवा. आणि सहलीला निघण्याआधी हा लेख घरच्या ग्रुपवर पाठवायला विसरू नका.