सही कोणाची, कर्ज कोणाचे?

धंदा काढायचा म्हटले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न भांडवलाचा निघतो आणि दुसरा कर्जाचा. गाळा, परवाना, सबसिडी यांचीही चौकशी होते. पण हा धंदा कायद्याने कोणाचा, आणि तो बुडाला तर वसुलीवाले कोणाच्या दारात उभे राहणार, हे फारसे कोणी विचारीत नाही. आमच्या मते तोच पहिला प्रश्न आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालते त्यांच्या पोरांना हे गल्ल्यावर बसूनच कळते. आपली माणसे गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत, बांधकामावर राबली. मालकीचे कागद आपल्या हाती कधी आलेच नाहीत. म्हणून या वेळी मालकीच्या प्रकारांविषयी लिहीत आहोत.

देशाच्या अर्थव्यवस्थेत मालक ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक सरकार, दुसरा खाजगी मालक, तिसरा सभासदांचा समूह. रेल्वे हे सरकारचे खाते आहे. एस.टी. हे कायद्याने स्थापन झालेले महामंडळ आहे. १९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत, अशी त्यात मागणी होती. पुढे १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ आले. २०२२ साली सरकारने त्यातील साडेतीन टक्के भाग बाजारात विकले. मालकी कोणाची, हा प्रश्न अर्थशास्त्र शिकलेल्या बाबासाहेबांना किती महत्त्वाचा वाटत होता, हे यावरून दिसते. तोच प्रश्न आपल्या टपरीलाही लागू आहे.

सर्वांत सोपा प्रकार एकट्याच्या मालकीचा. शिवणाची मशीन, चहाची टपरी, रिक्षा, झेरॉक्सचे दुकान. महाराष्ट्रात थोडेच कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या कायद्यानुसार नुसती सूचना देऊन पावती घेतली की पुरते. मुंबईत आपण त्याला अजून गुमास्ताच म्हणतो. नफा सगळा आपला, निर्णय आपला. पण कायदा मालक आणि धंदा यांना वेगळे मानीत नाही. दुकानाचे देणे ते मालकाचे देणे. दुकानातला माल विकून भागले नाही, तर मालकाच्या इतर मालमत्तेवरही वसुली येऊ शकते.

दुसरा प्रकार भागीदारीचा. आपली माणसे फसतात ती बहुधा इथेच, म्हणून यावर थोडे अधिक लिहितो. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. तोंडी बोलण्यावरही भागीदारी होते. काही ठरवले नसेल तर कायदा नफा-तोटा सारखा वाटतो, मग एकाने लाख घातलेले असोत की दुसऱ्याने दहा हजार. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो. समजा, दोघा मित्रांनी मंडप-डेकोरेशनचा धंदा काढला. एकाने फर्मच्या नावावर चार लाखांचा माल उधार उचलला आणि तो गाव सोडून गेला. व्यापारी उरलेल्या मित्राकडून चारही लाख मागू शकतो. “माझा हिस्सा निम्मा, मी दोनच देईन,” हे उत्तर व्यापाऱ्यापुढे चालत नाही.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून बरेच जण ती करीत नाहीत. पण नोंदणी नसलेल्या फर्मला आपली उधारी वसूल करण्यासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. लोक मात्र तिच्यावर दावा लावू शकतात. भागीदारीतून बाहेर पडतानाही “मी निघालो” म्हणून भागत नाही. सरकारी राजपत्रात आणि जिल्ह्यातील स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. फर्म नोंदलेली असेल तर निबंधकालाही कळवावे लागते. तसे केले नाही, तर मागे राहिलेल्यांनी नंतर केलेल्या व्यवहारांसाठीही बाहेरचे लोक आपल्याला धरू शकतात.

आता खरे दुखणे सांगतो. राखीव म्हणून निघालेली गॅस एजन्सी, पेट्रोल पंप, सरकारी ठेका. पैसेवाला कोणी घरी येतो आणि म्हणतो, “तुमचा दाखला, माझे भांडवल. तुम्ही फक्त सही करा, महिन्याला घरबसल्या पैसे घ्या.” केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सरकारी खाती आणि कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे ठरले. भागीदारी वा खाजगी कंपनी असेल तर या वर्गाचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा, अशी अट आहे. म्हणजे कागदावर आपला माणूस निम्म्याहून अधिक मालक होतो. पण चेकबुक दुसऱ्याच्या कपाटात, हिशोब दुसऱ्याच्या मुनीमाकडे. धंदा चालला तर आपल्याला महिन्याचे पाकीट. बुडाला तर बँकेची नोटीस आपल्या नावावर. “मी नावाचाच भागीदार होतो,” हे म्हणणे कोर्टात उपयोगी पडत नाही. जो जाणूनबुजून आपले नाव भागीदार म्हणून वापरू देतो, त्यावर विश्वासून उधार देणाऱ्याला तो भागीदारासारखाच जबाबदार असतो. जो हक्क मिळवायला समाजाने एवढा लढा दिला तो असा भाड्याने देऊ नये. त्यात स्वतःचे घर जाते आणि खऱ्या गरजू तरुणाची संधीही जाते.

तिसरा प्रकार मर्यादित जबाबदारीचा. कंपनी ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती असते. भागधारकाने भागापोटी जेवढी रक्कम देण्याचे कबूल केले, तेवढीच त्याची जबाबदारी. खाजगी कंपनीला किमान दोन सभासद लागतात. २०१३ च्या कायद्याने एकट्यालाही कंपनी काढता येते. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारी म्हणजे एल.एल.पी. आली, तिलाही दोघे पुरतात. पण दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात, चुकले तर दंड बसतो. शिवाय छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की मर्यादित जबाबदारीची भिंत तेवढ्यापुरती पडली, हे ओळखावे.

चौथा प्रकार सहकारी संस्थेचा. एखाद्याचे भाग दहा असोत की हजार, सभासदाला मत एकच. आपल्या मजुरांना, कारागिरांना हा प्रकार मानवणारा आहे. पण निवडणूक, लेखापरीक्षण आणि वार्षिक सभा सभासदांनीच जागेपणी सांभाळाव्या लागतात. सभेला गेले नाही की संस्था दोन-चार घराण्यांची होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

भगिनींसाठी एक उदाहरण देतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ झाली. १९६६ साली तिची नोंदणी संस्था नोंदणी कायद्याखाली झाली. सभासद फक्त महिला, आणि पापड लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. आज हजारो महिला त्यात आहेत. भांडवल थोडे होते, पण मालकी कोणाची याबद्दल त्यांनी पहिल्यापासून घोळ ठेवला नाही. आपल्या बचत गटांनी हे ध्यानात घ्यावे.

एकट्याचा छोटा धंदा असेल तर एकट्याच्या मालकीने सुरुवात करण्यात कमीपणा नाही. मात्र उधारी बेताची ठेवावी आणि धंद्याचे बँक खाते वेगळे असावे. दोघे-तिघे असाल तर भागीदारीपत्र स्टॅम्पपेपरवर करून फर्म नोंदवावी. दोस्ती आहे म्हणून कागद टाळू नये, दोस्ती टिकावी म्हणूनच कागद करावा. दहा-वीस जणांचे सारखेच श्रम असतील तर सहकाराचा विचार करावा.

आणि सही मागणारा नातेवाईक असो की पुढारी, कागद एक रात्र घरी ठेवून घ्यावा. शिकलेल्या मुलाकडून वा मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. घरातील बाईलाही जामीन म्हणून सही करायला सांगतात, तेव्हा वाचन तिच्यासमोर व्हावे आणि नाही म्हणण्याचा तिचा अधिकार मानावा. जो वाचायला वेळ देत नाही, त्याच्या कागदावर सही करू नये.