वहिनीला विचारतात, बहिणीला नाही

भावाच्या आजारपणात बहिणीच्या वाट्याला धावपळ येते, पण दुःख तिचं धरलं जात नाही. घरी येणारा प्रत्येक जण वहिनीला विचारतो, ‘तू कशी आहेस गं? जेवतेस ना वेळेवर?’ मुलांच्या पाठीवरून हात फिरवतो. माझ्याकडे वळून मात्र पुढची अपॉइंटमेंट कधीची, एवढंच विचारलं जातं. वहिनीचा हक्क मोठा आहे, त्यात मला वाटा नको. पण माझं लहानपण दादाइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, आणि ते त्याच्यासोबत चाललं आहे.

दादा ५६ वर्षांचा आहे. त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे. यात मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजत जातो. सुरुवातीला विसराळूपणा फारसा नसतो, आधी स्वभाव बदलतो. माणूस निर्विकार होतो, चारचौघांत भलतंच बोलतो, समोरच्याचं रडणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, गोडाची अनावर ओढ लागते. म्हणून निदान होईपर्यंत घरचे ‘डिप्रेशन असेल’, ‘नवराबायकोचं बिनसलंय’ असंच म्हणत राहतात. गेल्या भाऊबीजेला ओवाळण्याआधीच त्याने तबकातले पेढे संपवले आणि उठून टीव्ही लावला. मी आत जाऊन रडले, पण खरं तर मला संताप आला होता. ‘त्याला कळत नाही गं, मनावर घेऊ नकोस,’ असं सगळे समजावतात. हा सल्ला फार लवकर दिला जातो, असं माझं ठाम मत आहे. आजार कळला म्हणून राग मावळत नाही. तो आधी कुणाजवळ तरी बोलून टाकावा लागतो, अगदी ‘कधी संपणार हे?’ या वाक्यासकट. जवळचं कुणी नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

अमेरिकेतल्या संशोधक पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर घरात नाही, अशी त्या घरांची अवस्था होती. डिमेन्शियाचं कुटुंब याच कोंडीत उलट्या बाजूने सापडतं. अशा वियोगाला शेवट नसतो आणि तो मागूही नये, असं बॉस सांगतात. मला या विचाराचा फार आधार झाला. दादा जिवंत असताना त्याच्यासाठी रडणं अशुभ आहे, हे मनातून काढून टाकता आलं.

आईचं काय करायचं, हे मात्र कुठल्या पुस्तकात सापडत नाही. ती ८२ वर्षांची आहे आणि तिची स्मृती लख्ख आहे. ‘माझ्यावर रागावलाय का तो? बघतसुद्धा नाही,’ असं ती मला विचारते, वहिनीला नाही. आम्ही बरेच दिवस लपवलं. मग डॉक्टरांसमोर बसवून तिला सगळं सांगितलं. ती आता स्वतःहून त्याच्याजवळ बसते, काही विचारत नाही, शेंगा सोलून देते.

डिमेन्शिया म्हातारपणाचा, ही समजूत अजून घट्ट आहे. वास्तविक अलॉइस अल्झायमर यांनी ज्या बाईंवरून अल्झायमर रोगाचं वर्णन केलं, त्या ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे ८८ लाख रुग्णांचा जो अंदाज सांगितला जातो, तो साठीपुढच्यांचा आहे. दादा त्या आकड्यात बसत नाही.

मदतीचं म्हणाल तर ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य मी सोडून दिलं. रविवार सकाळ माझी, हे ठरवून टाकलं. वहिनी झोपते किंवा बाहेर जाते, मी दादाला घेऊन टेकडीवर जाते. तो भरभर पुढे चालतो, बोलत नाही. मीच बोलते आणि उत्तराची वाट पाहत नाही. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

स्वतःबद्दलची एक भीती वहिनीला नाही, ती फक्त आम्हा रक्ताच्या नात्यातल्यांना आहे. काही घराण्यांत या आजारामागचा जनुकदोष वारशाने येतो, आणि तसं असेल तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी असते. ओठावरचा शब्द आठवला नाही तरी माझी रात्र जागण्यात जाते. पण घाबरून थेट स्वतःची तपासणी करून घेऊ नये. आधी आजारी माणसाची चाचणी होते, त्याआधी समुपदेशन होतं, आणि दोष सापडला तरी आपलं भविष्य जाणून न घेण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. माझ्या धाकट्या बहिणीला जाणून घ्यायचं आहे, मला अजून ठरवता येत नाही. यावरून आमचं दोनदा भांडण झालं. पुढच्या महिन्यात समुपदेशकांची वेळ घेतली आहे. दोघी जाणार आहोत, आणि दादाच्या दोन्ही मुलांना यायचं असेल तर तीही येतील.