वायरमध्ये वाचवलेले पैसे दुकान बुडवू शकतात



कार ॲक्सेसरीजचं दुकान काढायचंय, असं सांगत येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, फॉग लॅम्पच्या जोडीमागे सुटतात किती?" वायर कोणती घ्यायची, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते या धंद्याचं भवितव्य तिथेच ठरतं. कारण दिवा कंपनीचा असतो, वायरिंग तुमचं असतं.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः गाडीला जादा दिवे बसवून घेतले. पैसे कमी लागले म्हणून खूश होतो. एका रात्री घाटात डॅशबोर्डातून जळका वास आला. रिले लावलाच नव्हता, सगळा करंट बारक्या वायरीतून थेट स्विचला! मागच्या सीटवर मुलं झोपली होती. त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही. आणि चारचौघांना सांगितलंही.

आता हिशोब बघा, सोपा आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. त्याला १२ व्होल्टने भागा, साधारण ९ अँपिअर. बॅटरीपासून दिव्यापर्यंत ४ मीटर वायर धरू. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर जवळपास १.३ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. दिवा मंद, वायर गरम. तीच २.५ ची टाकली, तर पाव व्होल्टच्या आसपास जातो. गिऱ्हाईक म्हणतं, "दिवेच बेकार दिलेत." बिचाऱ्या दिव्याचा दोषच नसतो!

याचा अर्थ सगळीकडे जाड वायर कोंबा, असा नाही. १८ वॅटच्या दोन एलईडींना ३ अँपिअर पुरतात, तिथे १ चौरस मिलिमीटर ठीक आहे. अंदाजाने नको, हिशोबाने घ्या, एवढंच.

आणखी चार गोष्टी पक्क्या करा:

१. घराच्या फिटिंगमधली उरलेली वायर गाडीत नको. तिचं साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. बॉनेटखाली इंजिनाजवळ त्याहून जास्त तापमान सोसणारी ऑटो वायरच लागते, तीही बारीक तारांची. एकेरी जाड तार हादऱ्यांनी तुटते.

२. फार स्वस्त वायर मिळाली, तर तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. तेवढ्याच जाडीत ती कमी करंट झेलते.

३. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. फ्यूज मुख्यतः वायर वाचवायला असतो. वरच्या उदाहरणात २.५ ची वायर आणि १५ चा फ्यूज चालेल. "सारखा उडतो" म्हणून ३० चा टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

४. गाडीची मूळ वायर सोलून त्यात जोड मारू नका. रिलेसह तयार कपलर किट वापरा. नाहीतर उद्या वॉरंटी नाकारली गेली, तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार.

"पण सर, शेजारचा कमी पैशात करून देतो!" मान्य. त्याच्याशी भावात भांडू नका. काउंटरवर दोन्ही वायरींचे तुकडे ठेवा, सोलून दाखवा. बिलात वायर, रिले आणि फ्यूज वेगवेगळे लिहा. फरक डोळ्यांनी दिसला की बरीच माणसं पैसे देतात. तरीही कुणी "बारकीच टाका" म्हणालं, तर हात जोडा आणि काम सोडा. एक काम गेल्याने दुकान बंद पडत नाही. एक गाडी पेटली, तर पडू शकतं.

वायर टेपखाली झाकली जाते, गिऱ्हाईकाला ती कधी दिसणार नाही. म्हणूनच तिथे तुमची नियत कळते. आज दुकानात जा आणि आपल्या वायरीचा एक तुकडा खरवडून बघा. आत काय निघतं?