फेऱ्यांच्या वेळचा उजेड

आपल्याकडे लग्न बहुधा दुपारच्या आत उरकते, फार तर गोरज मुहूर्त. अक्षता पडतात तेव्हा कार्यालयाच्या खिडक्यांतून भरपूर उजेड येत असतो. पण मुलगी लखनौच्या तेलीबागेत द्यायची ठरली तर? छावणी आणि रायबरेली रस्त्यावरची ‘पीजीआय’ यांच्या दरम्यानच्या या वस्तीत, उत्तरेकडच्या रीतीप्रमाणे, वरात रात्री येते. जयमाल व्हायला दहा वाजतात आणि फेरे मध्यरात्र उलटून गेल्यावर! स्टेजवरचे झगझगीत दिवे तोवर मालवलेले असतात. मांडवात उरतो होमाचा जाळ आणि पिवळ्या बल्बांच्या माळा.

नेमका तेव्हाच सिंदूरदानाचा क्षण येतो. वराचा हात वधूच्या भांगाशी जातो, बायका बहुधा वरून ओढणी धरतात, म्हणजे होता तो उजेडही कमी. सारे काही सेकंदांत संपते. पुन्हा करा, असे भटजींना सांगता येत नाही.

फ्लॅश मारला तर होमाचा धूर पांढरा होऊन समोर येतो आणि जाळाची लाली पार जाते. म्हणून फोटोग्राफर मोठ्या तोंडाची पोर्ट्रेट लेन्स आणतात, ८५ मिलिमीटर, एफ/१.८. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचे तोंड लांब टोकाला बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडते. त्या मानाने ही जवळजवळ दहापट उजेड आत घेते. साध्या लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर हिला सव्वाशेवा भाग पुरतो आणि हललेला हातही स्पष्ट येतो. व्हिएन्नाच्या पेट्झवाल यांनी १८४० मध्ये पोर्ट्रेटसाठी खास लेन्स आखली तीही यासाठीच, कारण तेव्हा माणसाला कॅमेऱ्यापुढे मिनिटामिनिटांनी निश्चल बसावे लागे.

मात्र उजेडाची किंमत मोजावी लागते. दोन मीटरवरून एफ/१.८ वर चित्र काढले तर सुमारे सहा सेंटिमीटरच खोली स्पष्ट येते. वधूचा डोळा रेखीव आणि सिंदूर घेतलेली बोटे धूसर, अशी फजिती इथेच होते. मागच्या दिव्यांचे गोल गोल ठिपके सुंदर दिसतात खरे, पण ठिपक्यांसाठी कुणी अल्बम उघडत नाही.

तेव्हा लेन्स आधी घरीच पारखावी. रात्री एकच पिवळा बल्ब लावून मसाल्याच्या तीन बरण्या पाच-पाच सेंटिमीटर मागेपुढे ठेवाव्यात. दोन मीटरवरून मधल्या बरणीच्या चिठ्ठीवर फोकस करून एफ/१.८, २.८ आणि ४ असे तीन फोटो घ्यावेत. पहिल्यात मधलीच अक्षरे वाचता यावीत, तिसऱ्यात तिन्ही. पहिल्यातच मधली धूसर आणि पुढची स्पष्ट आली तर फोकस चुकतो आहे, ती लेन्स परत करावी. दोघांचे चेहरे एका फोटोत हवे असतील तर एफ/२.८ च्या खाली न जाणे बरे. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवावा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा चालत नाही.

स्वस्त एलईडी माळांचीही एक खोड असते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत काळे पट्टे येतात. १/१०० वर बहुधा हे टळते.

एफ/१.४ ची लेन्स फारच महाग पडते आणि १.८ च्या दीडपटीहून थोडाच जास्त उजेड देते. घरच्याच भावाने फोटो काढायचे असतील तर तो खर्च टाळावा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची स्वस्त एफ/१.८ लेन्सही हेच काम करते.

आणि हळदीच्या रात्री मांडवात त्याच माळा लावून, एखाद्या मावशीला पाटावर बसवून दहा-बारा फोटो घ्यावेत. मावशी कुरकुरतील, पण बसतील.