अधिवेशनास जावयाचें तें कशासाठीं?

एखाद्या सेवाभावी संस्थेचें जागतिक अधिवेशन परदेशांत भरावयाचें असलें, आणि घरांतील कोणी सभासदानें तेथें जाण्याचा बेत केला, म्हणजे आपल्या कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो : "सेवाच करावयाची ना? मग ती आपल्या गांवीं होत नाहीं काय? ह्या प्रवासखर्चांत किती गरिबांचे मोतीबिंदु निघतील!" प्रश्न बहुधा वडील माणसें विचारतात व तरुण मंडळी तो हंसण्यावारी नेतात. आमच्या मतें तो हंसण्यावारी नेण्याजोगा मुळींच नाहीं. लोकसेवेच्या नांवाखालीं देशाटन करून येणारे लोक जगांत थोडे नाहींत. तेव्हां अधिवेशनांतून खरोखर निष्पन्न काय होतें, हें एका घडलेल्या उदाहरणावरूनच तपासून पाहणें बरें.

लायन्स क्लब ही संस्था आज सुमारें २०० देशांत पसरली असून तिचे सभासद १४ लक्षांच्या घरांत आहेत. शिकागोच्या मेल्व्हिन जोन्स नांवाच्या विमा-व्यावसायिकाच्या पुढाकारानें ती १९१७ सालीं उभी राहिली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत डल्लास येथें तिचें पहिलें अधिवेशन भरलें. पुढें १९२५ सालचें अधिवेशन ओहायो संस्थानांतील सीडर पॉइंट येथें झालें. हें ठिकाण म्हणजे ईरी सरोवराच्या कांठचें हवा खाण्याचें व करमणुकीचें स्थान. जमलेली मंडळी बहुतेक व्यापारी व धंदेवाली. त्यांच्या घरच्या वडील माणसांनीं "हें कसलें सेवाकार्य?" असें विचारलें असतें, तर त्यांस कोणीं दोष दिला नसता.

त्या सभेपुढें ३० जून रोजीं हेलन केलर ह्या बाई बोलावयास उभ्या राहिल्या. वय ४५ वर्षें. दीड वर्षाच्या असतांना आलेल्या दुखण्यांत त्यांची दृष्टि व श्रवणशक्ति दोन्ही गेल्या होत्या. ॲन सुलिव्हन ह्या शिक्षिकेनें तळहातांत बोटांच्या खुणांनीं एकेक शब्द घालून त्यांस भाषा शिकविली होती. टाळतां येण्याजोगें अंधत्व जगांतून नाहींसें व्हावें, एकही अंध-बधिर मूल शिक्षणावांचून राहूं नये, कोणीही अंध मनुष्य निराधार राहूं नये, ह्या कामीं तुम्ही अंधांचे शिलेदार होऊन काळोखाशीं लढाल काय, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता.

संस्थेनें तें काम अंगावर घेतलें. १९३० सालीं पिओरिया गांवच्या लायन्स क्लबानें, गाडीवाल्यांच्या चटकन् नजरेस यावी म्हणून, अंधांच्या हातीं पांढरी काठी देण्याची चळवळ उचलली. १९९० सालीं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, नेत्ररुग्णालयांस साहाय्य इत्यादींसाठीं 'साइटफर्स्ट' ही मोठी योजना सुरू झाली. आपल्याकडे ह्या क्लबांची नेत्रशिबिरें कोणास ठाऊक नाहींत?

आतां कोणी म्हणेल, हेंच आवाहन पत्रानें धाडलें असतें तर? धाडलें असतें, चिटणिसांनीं वाचलें असतें, आणि तें दप्तरांत पडलें असतें. विठ्ठल घरच्या देव्हाऱ्यांतही आहे. तरी वारकरी पंढरीस पायीं जातो, कारण चारचौघांच्या साक्षीनें घेतलेला नेम सहसा मोडत नाहीं. पण त्याच्या माळेची कसोटी मात्र वाळवंटांत लागत नसते. ती घरीं परतल्यावर लागते.

आमच्या भगिनींनीं येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. संस्थेस तिचें सर्वांत मोठें काम एका स्त्रीनें दाखवून दिलें. परंतु सर्वसाधारण सभासदत्वाचें दार स्त्रियांस त्यानंतर ६२ वर्षें बंदच होतें. तें उघडलें तेंही एका अधिवेशनांतच, १९८७ सालीं तैपेई येथें, प्रतिनिधींच्या मतांनीं. दर २५ सभासदांमागें एक ह्या प्रमाणांत क्लबांचे प्रतिनिधि तेथें मत देतात. नाना देशांच्या पोशाखांतील मिरवणूक सर्वांच्या डोळ्यांत भरते खरी, परंतु नियम बदलतात ते मतपेटींत. विचारी माणसें खर्चाच्या धास्तीनें घरीं बसलीं, तर निर्णय केवळ मिरवणुकीसाठीं आलेल्यांच्या हातीं जाईल.

म्हणून जावयाचें कीं नाहीं, ह्याचा निवाडा आम्ही तीन गोष्टींवरून करूं. ज्यानें वर्षभर गांवांतील काम अंगमेहनतीनें केलें आहे, त्यानेंच जावें. ज्याला घरच्या शिबिराची तारीख ठाऊक नाहीं, त्यानें परदेशचें तिकीट काढूं नये. खर्च स्वतःचा असावा. गरिबांसाठीं जमविलेल्या निधीस बोट लागूं नये, आणि धाकट्यांच्या शिक्षणाचा पैसाही त्यांत जाऊं नये. आणि येतांना बाजारांतील जिन्नसांबरोबर निदान एक तरी असें काम आणावें, कीं जें आपल्या गांवांत पूर्वीं होत नव्हतें.

शिवाय एकत्र कुटुंबांतून जो बाहेर पडतो, त्याच्या मागें कोणी जाऊबाई त्याचीं मुलें सांभाळीत असते, कोणी भाऊ वडिलांच्या औषधपाण्याकडे पाहत असतो. त्या सेवेचें अधिवेशन कोठें भरत नाहीं व तिला पदकही मिळत नाहीं. जाणाऱ्यानें तिचें ऋण आधीं मानावें.

वडिलांनीं जातेवेळीं खर्चाविषयीं विचारलें, तें योग्यच केलें. आमची त्यांस एवढीच विनंति कीं, तोच प्रश्न त्यांनीं पुनः एकदां, सहा महिन्यांनीं विचारावा : "काय आणलेंस?" त्या वेळीं ज्याला छायाचित्रांचा संग्रह न काढतां उत्तर देतां येईल, त्याचा प्रवासखर्च वायां गेला नाहीं असें खुशाल समजावें.